पालथा कॅन

आमच्या वळणावर एक दगडी कट्टा आहे. आसपासच्या घरांचे दुधाचे कॅन सकाळी तिथे येतात आणि टँकर ते रिकामे करून पुढे जातो. ज्या घरी त्या दिवशी दूध नसेल त्यानेही कॅन न्यायचा, फक्त पालथा ठेवायचा. गाय आटली असेल, कासेला सूज असेल, इंजेक्शनमुळे दूध चालणार नसेल, घरात कोणी आजारी असेल, कारण काहीही असो. पालथा कॅन दिसला की ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही, वाट बघत नाही, आणि शेजारचं कोणीतरी दुपारच्या आत त्या घरी डोकावून येतं. कट्ट्यावर कॅनच नसला तर मात्र लोक धावत जातात.

आई गेली त्या सकाळी बाबांनी आमचा कॅन नेऊन पालथा ठेवला होता. मी शहरातून पोचले तेव्हा दुपार झाली होती. बाकीचे लोक आपापले कॅन केव्हाच घेऊन गेले होते, कट्ट्यावर तो एकटाच उन्हात होता. थंडीत पत्रा हाताला चावतो म्हणून आईने त्याच्या कडीला निळी चिंधी गुंडाळली होती. मी आधी ती चिंधी ओळखली, मग घराकडे वळले.

त्याच हंगामात दूध बंद करायचं ठरलं होतं. ठरवलं होतं आईनेच.

दुधाचा कारखाना पूर्वी आमच्याच लोकांच्या संस्थेचा होता. तो कंपनीने घेतला. पहिली काही वर्षं दर बरा होता, कंपनीची माणसं दिवाणखान्यात बसवल्यासारखं बोलायची. मग समुद्रापलीकडून पावडर यायला लागली. तिकडे दूध उदंड, जहाजं मोठी, आणि दोन सरकारांमध्ये खुल्या व्यापाराचा करार व्हायचा होता; तो झाला की पावडरीवरचा उरलासुरला करही जाणार होता. कारखान्यात ती पाण्यात कालवायची, पिशव्यांत भरायची, आणि पिशवीवर आमच्यासारखीच एक गाय छापायची. आमच्या दुधाला मात्र एकदम नखरे सुरू झाले. फॅट लागत नाही. वास येतो. भांडं नीट धुतलेलं नाही. चाचणीसाठी कारखान्यात नेलेले कॅन भरलेलेच परत यायला लागले, आणि सकाळी दिलेलं दूध दुपारी नासलेलं घरी आलं की आई ते घेऊन गोठ्याच्या दारात नुसती उभी राहायची.

शाळेच्या खोलीत सभा झाली तेव्हा मी सुट्टीला आले होते. मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पुढे वेल्डर उभा होता. तो कॅनची बुडं जोडून देतो, फुटलेल्या कड्या बसवतो. त्याचा आवाज असा की त्याला लहानपणापासून सगळे भोंगा म्हणतात, आणि तोही ओ देतो. त्याने फोनवर एक चित्रफीत दाखवली. जिथून पावडर येते त्या देशातलीच माणसं आपले ट्रॅक्टर रस्त्यावर आडवे लावून उभी होती, त्यांच्यातली एक बाई रडत ओरडत होती.

"हिला काय झालं?" आईने विचारलं.

"हिलाही दर मिळत नाही," भोंगा म्हणाला.

"आम्हाला मिळत नाही, हिला मिळत नाही. मग मधे कोण पितंय एवढं?"

लोक हसले. मग एक जण उठून म्हणाला, दूध रस्त्यावर ओतू, टीव्हीवाले धावत येतील. आईला खोकला होता. तिने तो थांबू दिला.

"ओतायचं नाही. ज्याला धारेला बसावं लागत नाही त्याने खुशाल ओतावं. वासरांना पाजा, लोणी काढा. बाकीचं शाळेच्या आवारात आणा, ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांना वाटू. पण कॅन कट्ट्यावर न्यायचे. सगळ्यांनी. पालथे."

"आणि टँकर?"

"येऊ दे की. बघू दे. या वळणावर पालथे, पुढच्या वळणावर पालथे, थेट पुलापर्यंत. ड्रायव्हरला हॉर्न वाजवायची सोय नाही ठेवायची."

"आणि कारखान्याचं फाटक? पावडरीचे ट्रक तर आत जाणारच," भोंगा म्हणाला.

"तिथेही कॅन घेऊन जा. बसायला होतात."

दूध बंद व्हायच्या आत तिची छाती भरली. दवाखान्यात नेलं, तिथून ती आली नाही.

*

बंदच्या पहिल्या सकाळी मी गोठा झाडत होते. बाहेर धुकं होतं, छपराच्या कडेवरून पाणी गळत होतं. बाबा ठिपकीच्या धारेला बसले होते, कपाळ तिच्या कुशीला टेकवून. आई गेल्यापासून ठिपकी फक्त त्यांनाच पान्हवते, तेही बराच वेळ घेऊन. मी बसले की मागचा पाय उचलते आणि मान वळवून पाहते, जणू कोणीतरी चुकून आत आलंय.

त्यांनी बादली कॅनमध्ये रिकामी केली, झाकण दाबलं, कॅन हातगाडीवर चढवला.

"शाळेत वहिनी आहे," मी म्हटलं. "तिथे मोठ्या पातेल्यात ओतायचंय. मग रिकामा कट्ट्यावर."

"माहितेय," बाबा म्हणाले.

हातगाडीचं एक चाक कुरकुरतं. ते कुरकुरत उतारावरून गेलं. मी शेण गोळा केलं, गव्हाण साफ केली, वैरण टाकली. खालून टँकरचा आवाज आला. तो न थांबता पुढे जायचा होता. पण वळणावर इंजिन मंदावलं आणि तसंच घुरघुरत राहिलं, बराच वेळ. मी झाडू हातात धरून ऐकत होते. मग गियर पडला, टँकर गेला, आणि त्याच्या मागून एक हलकी गाडी गेली.

बाबा परत आले तेव्हा हातगाडी रिकामी होती. कॅन नव्हता. मी काही विचारायच्या आत दादा फाटकातून धावत आला. फोन त्याने असा धरला होता की जणू तो भाजत होता.

"बाबा, तुम्ही दूध घातलंत?"

बाबांनी हातगाडी भिंतीला लावली.

"मी विचारतोय काहीतरी!"

"विसरलो," बाबा म्हणाले.

"विसरलात? सगळा कट्टा पालथा, डोळ्यांसमोर, आणि तुम्ही मधे भरलेला कॅन ठेवून आलात? विसरून?"

"रोजची सवय आहे. ठेवला."

दादाने फोन माझ्यापुढे धरला. कंपनीने फोटो टाकला होता. धुकं, पालथ्या कॅनच्या रांगा, आणि मधोमध आमचा कॅन, सरळ, निळ्या चिंधीचा. बाबा त्याच्यावर वाकलेले. खाली लिहिलं होतं की आंदोलनाची हाक ज्या घरातून आली त्या घराने आज कंपनीवर विश्वास दाखवला.

"आईचा उल्लेख केलाय," दादा म्हणाला. त्याचा आवाज बदलला. "तिचा, ताई... म्हणजे, तूच बघ." तो माझ्याहून मोठा आहे. आई गेल्यापासून मधूनच मला ताई म्हणतो, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

"कॅन कुठेय?" मी विचारलं.

"कंपनीचा साहेब घेऊन गेला," बाबा म्हणाले. "गाडीत टाकून. दूध टँकरमध्ये घेतलं आणि कॅन गाडीत टाकला. मी म्हटलं, अहो, कॅन कट्ट्यावर ठेवतात. तो म्हणाला, हा खास आहे."

ते पाणी घेऊन ठिपकीची कास धुवायला लागले. ती सकाळीच धुऊन झाली होती.

*

दिवसभर कोणी आमच्याशी भांडलं नाही. ते भांडले असते तर बरं झालं असतं. वहिनी शाळेतून आली ती पदर खोचलेलाच ठेवून ओट्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "वन्सं, माझ्या हातातला डाव काढून घेतला त्यांनी. बोलल्या काही नाहीत. नुसता काढून घेतला. म्हणाल्या, तुम्ही बसा."

"कोणी?"

"शेजारच्या मावशींनीच."

मावशी म्हणजे आईची जन्माची मैत्रीण. दोघी एकमेकींच्या गाईंच्या बाळंतपणाला जात. संध्याकाळी मी दुकानात मीठ आणायला गेले. दुकानदाराच्या बाकावर दोघे-तिघे टेकले होते. त्यातला एक म्हणाला, "मीठ कशाला, पावडरच घ्या की. तुम्हाला ओळखीत मिळेल." बाकीचे खाली बघत हसले. मी मीठ घेतलं. परत आले तर आमच्या फाटकाला पावडरीचं रिकामं पोतं अडकवलेलं होतं, गाईच्या चित्राची बाजू बाहेर. बाबांनी ते आधीच पाहिलं होतं, कारण त्याच्या एका कोपऱ्याची गाठ सोडलेली होती आणि दुसरी तशीच सोडून दिलेली होती. दुसरी मी सोडली.

भोंगा घरी आला. दार लावून घ्या म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच एका खोलीत मावला.

"काका, तुम्हाला मी काही म्हणत नाही. काकूंनी मला काय काय शिकवलंय मला माहीत आहे. पण उद्या सगळे फाटकावर बसणार आहेत. आलेले ट्रक अडवायचे आहेत. तिकडे करारावर सह्या व्हायच्या आहेत, इकडे फाटक बंद दिसलं पाहिजे. लोक तापलेत. तुम्ही उद्या येऊ नका."

"बरं," बाबा म्हणाले.

"राग नका धरू."

"तुझा कसला राग?"

भोंगा दारापाशी घुटमळला. "चहा तरी घे," वहिनी म्हणाली. तो नको म्हणाला. आमच्या घरी त्याने चहाला कधी नको म्हटलं नव्हतं.

दादा रात्री जेवला नाही. घरभर फिरत होता. खिडकी उघडायचा, लावायचा. "एक सांग," तो मला म्हणाला, "माणूस तीस-चाळीस वर्षं एकच काम करतो तेव्हा हात आपोआप चालतात, मान्य. पण डोळे? डोळे पण आपोआप चालतात?"

*

दुसऱ्या दिवशी साहेब आला. संकलन अधिकारी असं त्याचं पद. आमच्याकडे सगळे त्याला नुसता साहेब म्हणतात. तरुण होता, नीट बोलणारा. गोठ्यासमोर चिखलावर फळी टाकलेली आहे तिच्यावरच उभा राहिला, बूट सांभाळत.

"काका, फार छान प्रतिसाद आला फोटोला. वरपर्यंत पोचला. आता तुमच्या वळणावर मोठा फलक लावायचा विचार आहे. तुमचा फोटो, तुमचा कॅन. तुमचं दूध यापुढे कधी परत येणार नाही, हे मी शब्द देऊन सांगतो. चाचणी नाही, काही नाही."

"कॅन परत द्या," बाबा म्हणाले.

"अहो, तो आम्ही स्वागतकक्षात ठेवलाय. येणारा प्रत्येक पाहुणा बघतो. तुम्हाला नवा पाठवतो, स्टेनलेसचा, दोन पाठवतो."

"तोच द्या."

साहेब हसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "जुनी माणसं." मी हसले नाही. मग त्याने घड्याळ पाहिलं. "असं करा. तुम्हीच या ना. आत्ता गर्दी आहे फाटकावर, पण छोट्या दरवाजाने वॉचमन सोडेल. कॅनबरोबर दोन फोटो काढू, पुढारी लोकांसमोर नीट उभं राहू, आणि मग घेऊन जा तुमचा कॅन. झालं?"

"येतो," बाबा म्हणाले.

दादा गोठ्याच्या आत होता. त्याने सगळं ऐकलं. साहेबाची गाडी उतारावर गेल्यावर तो बाहेर आला आणि बाबांसमोर उभा राहिला. इतका जवळ की मला वाटलं हात लावेल.

"त्या सगळ्यांच्या मधून जाणार? आज? आत?"

"कॅन आणायचाय."

"एका कॅनसाठी! डबक्यात घाला तो कॅन! मी भोंग्याकडून वेल्डिंग करून नवा..." त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. तो कॅन मावशीच्या घरासमोर भोंग्यानेच एकदा जोडून दिला होता, आई बाजूला उभी राहून सूचना देत होती, आणि भोंगा वैतागून म्हणाला होता, काकू, तुम्हीच करा. दादाला तेच आठवलं असावं. तो रस्त्याने एकटाच खाली निघून गेला, फाटकाकडे, लोकांच्यात बसायला.

बाबांनी स्वच्छ सदरा घातला. मी बटणं लावून दिली कारण त्यांची बोटं नीट चालत नव्हती. धारा काढणाऱ्याची बोटं म्हातारपणी अशी होतात, सांधे सुजतात आणि बारीक काम नाकारतात.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही विसरला नव्हतात."

मी शेवटचं बटण लावलं.

"शाळेत न्यायलाच निघालो होतो," ते म्हणाले. "कट्ट्यापाशी आलो. लोकांनी ठेवून दिले होते सगळे. म्हटलं आता शाळेत रिकामा करायचा, इथे आणायचा, आणि..." त्यांनी पंजा हवेत उलटा केला. "बाकी वेळी तीच करायची ते. गाय आटली, काही झालं की. मी तो एकदाच केलाय."

बाहेर ठिपकी दाव्याला हिसका देत होती.

"म्हटलं, एवढा एक सरळ राहू दे. जरा वेळ. आणि टँकर आला."

"मी सांगते लोकांना. भोंग्याला सांगते."

"काय सांगशील? हे काय सांगण्यासारखं आहे?" ते म्हणाले, आणि टोपी शोधायला लागले. टोपी त्यांच्या हातातच होती.

*

कारखान्याच्या फाटकासमोर रस्ता रुंद होतो. लोक तिथे आपापल्या पालथ्या कॅनवर बसले होते, ओळीने. सगळी वळणं एका जागी आल्यासारखी दिसत होती. पलीकडे पावडरीचे ट्रक उभे होते, ताडपत्र्या करकचून बांधलेले. ट्रकचे ड्रायव्हर चाकांच्या सावलीला बसले होते आणि आमच्याच बायका त्यांना गरम दूध देत होत्या. वहिनीच्या हातात डाव पुन्हा आला होता. कोणी दिला ते मला नंतरही कळलं नाही.

भोंगा एका कॅनवर उभा राहून बोलत होता. बाबा दिसले तसा तो मधेच थांबला, आणि त्या शांततेत सगळ्यांनी माना वळवल्या.

"या, या, फोटोवाले!"

"वाट द्या रे, पाहुणे आलेत!"

"काका, आज दूध नाही आणलंत? कंपनी उपाशी राहील हो!"

बाबा ओळींच्या मधून चालत होते. लोकांचे गुडघे वाटेत होते. काही जणांनी ते बाजूला घेतले, काहींनी मुद्दाम घेतले नाहीत. मी मागे होते. मावशी कडेला बसली होती. ती हसली नाही, ओरडली नाही. तिने तोंड फिरवलं. बाबांनी फक्त त्या वेळी पाऊल थोडं थांबवलं. दादा ट्रकांच्या बाजूला उभा होता, पाठ करून.

वॉचमनने छोटा दरवाजा उघडला. बाबा वाकून आत गेले. दरवाजा लागला.

भोंग्याने पुन्हा बोलायला सुरुवात केली, पण त्याचंही लक्ष नव्हतं, एकच वाक्य दोनदा म्हणाला. लोक चुळबुळत होते. ऊन तापायला लागलं तसं पत्र्याचे कॅनही तापले, बसलेली माणसं अंगाखाली टॉवेल सारत होती. मी फाटकाच्या फटीतून बघितलं. अंगण, पाणी मारलेली फरशी, काचेचा दरवाजा. काचेच्या आत माणसं हलत होती. एकदा मला बाबांचा पांढरा सदरा दिसल्यासारखा वाटला. मग तिथे कोणीच नव्हतं.

"काय करतोय इतका वेळ?" मागून कोणी म्हणालं.

"हसायला शिकवत असतील."

"अहो, सह्या झाल्या की काय तिकडे? कोणी बघा ना फोनवर."

कोणाच्याही फोनवर काही नव्हतं. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर उठला, दुधाचा पेला वहिनीला परत दिला, आणि केबिनमध्ये चढला. त्याला फोन आला होता. त्याने इंजिन सुरू केलं. मग मोठं फाटक आतून सरकायला लागलं.

आणि त्याच फाटकातून, छोट्या दरवाजाने नव्हे, बाबा बाहेर आले. खांद्यावर कॅन. मी तो लगेच ओळखला नाही. कंपनीने तो घासून चकचकीत केला होता, कडीला लाल रिबीन बांधली होती, आणि निळी चिंधी नव्हती. मागून साहेब येत होता.

"काका, अहो, थांबा तरी! एवढे लोक थांबलेत आत. एका चिंधीसाठी काय माणूस कचऱ्याचा डबा उलटा करतो!"

बाबांच्या सदऱ्याच्या पुढच्या बाजूला चहापत्तीचे डाग होते. त्यांच्या मुठीत चिंधी होती.

आता ते फाटकाच्या मधोमध होते. पुढे लोक, आणि लोकांच्या कडेने वाट काढत तो पहिला ट्रक अंगावर येत होता. सगळे बाबांकडे बघत राहिले होते म्हणून ओळ कधी फाकली ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. एक ट्रक सहज आत शिरेल एवढी जागा झाली होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

बाबांनी कॅन खाली ठेवला, सरळ. लाल रिबीन सोडायचा प्रयत्न केला. गाठ बारीक होती, बोटांना जमली नाही. मी पुढे झाले. ते "थांब" म्हणाले आणि दातांनी ती ओढून काढली. चिंधी कडीला गुंडाळली, एक वेढा, दुसरा वेढा, टोक आत खोचलं. ट्रक पुन्हा ओरडला. त्याचा पुढचा भाग इतका जवळ आला होता की त्याची ऊब माझ्या तोंडावर येत होती.

"बाबा!" दादाचा आवाज आला.

बाबांनी दोन्ही हातांनी कॅनची कड धरली आणि तसेच उभे राहिले. त्यांचे खांदे हलत नव्हते. नुसती धरून ठेवली होती, धारेच्या वेळी आडमुठी गाय धरून ठेवावी तशी. मग त्यांनी कॅन उलटा केला. पत्रा दगडावर टेकल्याचा आवाज आला आणि साखळीला लोंबणारं झाकण बाजूला वाजलं. ते त्याच्यावर बसले, ट्रककडे न बघता, आमच्याकडे तोंड करून.

मावशी उठली. तिने आपला कॅन उचलला, फरफटत आणला, बाबांच्या शेजारी आपटला.

"सरका जरा," ती म्हणाली. "काय पसरून बसलाय!"

बाबा सरकले. मग दादा आला. त्याच्याकडे कॅन नव्हता, तो जमिनीवरच बसला, बाबांच्या पायाशी, आणि तोंड गुडघ्यांत घातलं. मागची ओळ उठून पुढे आली. कॅन घासत, खरखरत, एकमेकांना ढकलत लोक फाटकात बसत गेले. ट्रकच्या ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला. थोड्या वेळाने इंजिनही बंद झालं.

साहेब फोनवर बोलत आत गेला.

"फोटो काढला का?" भोंग्याने विचारलं. कशासाठी विचारलं, त्याला तरी कळलं का कोण जाणे. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"नाही," बाबा म्हणाले. "हसा म्हणाले. मला जमलं नाही."

कोणीतरी हसलं. मग वहिनीने त्यांना दुधाचा पेला दिला आणि त्यांनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायले नाहीत.

ऊन कललं. सह्यांची बातमी आली नव्हती. लोक उठून पाय मोकळे करत होते, परत बसत होते, कोणी गवतावर आडवे झाले होते. सगळ्यांच्या नजरा मधूनमधून आपापल्या घरांकडे जात होत्या, कारण गाईंना बंद कळत नाही. वेळ झाली की कास भरते आणि दुखते.

"तू घरी जा," बाबा मला म्हणाले. "ठिपकी ओरडत असेल."

"तुम्ही चला. मला कुठे पान्हवते ती?"

"मी बसलोय," बाबा म्हणाले.

मी निघाले. वळण चढताना कट्टा लागला. तो पूर्ण रिकामा होता, सगळे कॅन खाली फाटकावर गेले होते. दगडावर वर्षानुवर्षं बुडं घासून झालेल्या गोल खुणा तेवढ्या होत्या.

ठिपकी लांबूनच ओरडत होती. मी आईचा धारेचा पाट घेतला, बादली लावली, कास कोमट पाण्याने धुतली आणि कपाळ तिच्या कुशीला टेकवलं. तिने पाय उचलला. मी थांबले. तिने तो खाली ठेवला, परत उचलला. कास तटतटलेली होती, सड गरम होते, पण दूध उतरत नव्हतं. मी वासराला जवळ आणून बांधलं आणि पुन्हा बसले. घाई करून उपयोग नसतो हे मला माहीत होतं, आणि तरी माझं सगळं अंग खालच्या रस्त्याकडे लागलं होतं. ओळ उठली असती, सह्या झाल्या असत्या, कोणी कोणाला ढकललं असतं, तर सगळ्यात आधी ट्रक ऐकू आले असते. चढणीला त्यांचा आवाज घरात भांडी हलवतो.

मी बोटं चालवत राहिले. वासरू धडपडत होतं. पहिली धार आली ती वाकडी, बादलीबाहेर, माझ्या पावलावर. दुसरी पत्र्यावर वाजली.

मी हात थांबवून ऐकलं. रस्त्यावर काहीच वाजत नव्हतं. मी पुन्हा धारेला लागले.